नॅनोकणांद्वारे जनुकनियामक औषधांचे वहन

एखाद्या जनुकाचे कार्य दडपणारी वा बदलणारी औषधे सुमारे १०० नॅनोमीटर किंवा त्याहून लहान कणांत भरून पेशीत पोहोचवण्याची पद्धत.

आरंभाविषयी मतैक्य नाही. बहुतेक लेखक अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांच्या जनुक दडपण्याची यंत्रणा दाखवणाऱ्या, सूत्रकृमीवरील १९९८ च्या संशोधनापासून (नोबेल, २००६) सुरुवात करतात. काही जण पेट्युनियाच्या फुलांत १९९० च्या सुमारास दिसलेल्या रंगलोपाचा दाखला देतात. मात्र त्यामागचे कारण तेव्हा उलगडले नव्हते. पॉल झामेक्निक व मेरी स्टीफन्सन यांनी १९७८ मध्ये १३ न्यूक्लिओटाइडांच्या (डीएनएचे घटक) डीएनए तुकड्याने राउस सार्कोमा विषाणूची वाढ रोखली. जनुकाच्या संदेशालाच औषधाचे लक्ष्य करण्याची कल्पना तेथे स्पष्ट असल्याने ते वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. वाहक कणांची परंपरा निराळी. ती अ‍ॅलेक बँगहॅम यांच्या १९६० च्या दशकातील लायपोसोमपर्यंत (लिपिडांच्या म्हणजे स्निग्ध रेणूंच्या सूक्ष्म पुटिका) मागे जाते.

खरी अडचण वहनाचीच आहे. यांतील बरीच औषधे आरएनएची (जनुकाचा संदेश नेणाऱ्या रेणूच्या जातीची) असतात. नुसता आरएनए रक्तातील विकरांमुळे (एन्झाइमांमुळे) तुटतो, मूत्रपिंडातून निघून जातो आणि ऋणभारामुळे पेशीपटल ओलांडू शकत नाही. म्हणून आम्लधर्मी द्रावणातला आरएनए आणि अल्कोहोलमधील लिपिडे अरुंद नळीत वेगाने मिसळून कण बनवतात. आम्लात लिपिडावर धनभार येतो व ते आरएनएला धरून ठेवते. पुढे द्रावण उदासीन केले की भार जवळजवळ नाहीसा होतो. रक्तात अशा कणावर अपोलिपोप्रोटीन-ई हे रक्तातील प्रथिन चिकटते आणि यकृतपेशी त्याला आत ओढून घेतात. आतल्या आम्लयुक्त पुटिकेत भार परततो, पुटिकेचे पटल फाटते आणि औषध सुटते. मात्र २०१३ च्या एका मापनानुसार जेमतेम १ ते २ टक्केच आरएनए असा बाहेर पडतो. या क्षेत्रातील सर्वांत मोठी उणीव हीच होय.

पॅटिसिरान या पहिल्या एसआयआरएनए (जनुकाचा संदेश नष्ट करणारा लघु आरएनए) औषधाला अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ते लिपिड कणांतून दिले जाते. २०१९ च्या गिवोसिरान या अशाच औषधात कणच नाही. शर्करेचा रेणू जोडून ते यकृताकडे वळवले जाते.

पुण्यात हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीची जेमकोव्हॅक ही भारतातील पहिली एमआरएनए (संदेशवाहक आरएनए) लस २०२२ मध्ये मान्य झाली. लस जनुक दडपत नसल्याने ती काटेकोर अर्थाने या नोंदीबाहेरची; तरी आरएनए पेशीत नेण्याचा प्रश्न तोच. प्रस्तुत विषयाशी अधिक निकट आहे ते पेप्टाइड न्यूक्लिइक अम्लावरील (पीएनए; डीएनएसारखा कृत्रिम रेणू) काम. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि पुढे आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) पुणे येथे कृष्णा गणेश व सहकाऱ्यांनी ते केले. पीएनएचा कणा अनैसर्गिक व भाररहित असतो. त्यामुळे विकरे त्याला तोडत नाहीत व लक्ष्याशी तो घट्ट जुळतो. परंतु धनभारित लिपिडालाही तो धरता येत नाही, म्हणजे वर सांगितलेली युक्ती येथे लागू पडत नाही. या गटाने कण्यातच फेरफार करून धनभारित रूपे तयार केली. त्यांची फ्लोरिनयुक्त रूपेही पेशीत अधिक सहज शिरतात असे आढळले आहे.