विजयदुर्ग, हेलियम आणि सोडियमच्या शेजारची रेघ

ऑगस्ट आला की मोबाइलवर तोच मजकूर फिरू लागतो: '18 ऑगस्ट 1868 रोजी लॉकियर साहेबांनी विजयदुर्गावरून ग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला.' हे खरं नाही. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. ते ग्रहण भारतात येऊन पाहिलं ज्यूल जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने, आणि तेही गुंटूरहून. लॉकियरनी 20 ऑक्टोबरला इंग्लंडातूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे रंगारंगांत फोडलेल्या प्रकाशाचा पट्टा, मिळवला. विजयदुर्गावर ते आले, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी.

खरी मौज आहे त्या वर्णपटातल्या पिवळ्या रेघेत, तीच हेलियमची खूण. सुरुवातीला बऱ्याच जणांना ती सोडियमची वाटली. ठाण्यातल्या एखाद्या कॉलेजात एफवायबीएस्सीला स्पेक्ट्रोमीटर हाताळलेल्यांना सोडियमचा पिवळा चांगला ठाऊक असतो. दिवा आधी गुलाबीसर लागतो, तापला की पिवळा होतो, मग ग्रेटिंग (बारीक रेघा आखलेली, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी काच) बसवून व्हर्नियर, म्हणजे कोन मोजायची बारीक पट्टी, वाचायचा. सोडियमच्या दोन रेघा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर येतात, सूर्यावरची ही रेघ 587.6 वर. इंचाला 15,000 रेघांचं ग्रेटिंग घेतलं तर मधल्या उजेडाशेजारच्या पहिल्याच वर्णपटात 587.6 आणि 589.0 यांच्यात कोनाचं अंतर पडतं साधारण तीन मिनिटांचं (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). व्हर्नियर एक मिनिटापर्यंत वाचतो. म्हणजे हा फरक पहिल्या वर्षाच्या मुलालाही पकडता येईल.

पण सूर्यप्रकाश तर रोजचाच. फ्राउनहोफरने 1814 सालीच त्यातल्या शेकडो काळ्या रेघा नोंदवल्या, सोडियमच्याही. मग ही का नाही सापडली?

घोडबंदर रोडवरचा एखादा उंच टॉवर घ्या आणि एक मजला म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूतली ऊर्जा मोजायचं एकक) धरा. सोडियमचा इलेक्ट्रॉन तळमजल्यावरून 2.1 मजले चढतो, तेवढ्याच ऊर्जेचा पिवळा प्रकाश गिळतो आणि वर्णपटात काळी रेघ उमटते. हेलियमची पिवळी उडीही जवळपास तेवढीच, 2.11 मजल्यांची. पण ती सुरू होते एकविसाव्या मजल्यावरून! खाली जवळजवळ विसाव्या मजल्यापर्यंत थांबायला एकही जागा नाही. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,800 केल्विन, तिथली सरासरी टक्कर इलेक्ट्रॉनला एक मजलाही चढवत नाही. कुठल्या तापमानाला किती अणू किती वर चढतात हे सांगणाऱ्या बोल्ट्झमनच्या सूत्रात kT, म्हणजे तापमानाची ऊर्जा, याच्या जागी 0.5 मजला घातला, की एकविसाव्या मजल्यावर पोचलेल्या अणूंचं प्रमाण निघतं 10 च्या उणे अठराव्या घाताच्या आसपास. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा हेलियम, तरी त्याची काळी रेघ तिथे उमटत नाही. वरच्या विरळ थरांत मात्र प्रभामंडळातून, म्हणजे सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या तप्त आवरणातून, येणारे अतिनील आणि क्ष-किरण हेलियमचा इलेक्ट्रॉन पार उपटून काढतात. तो परत अणूत येतो तेव्हा वरच्या मजल्यांवरून उतरत येतो, आणि तेविसाव्यावरून एकविसाव्यावर येताना पिवळा प्रकाश सोडतो.

हे सगळं ज्ञान चंद्राच्या सावलीने सोपं केलं. त्याच सावलीला घाबरून आजही घरातलं भरलेलं पाणी ओतून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. सूर्य झाकला म्हणून पाण्याच्या रेणूत काहीही बदलत नाही.

पृथ्वीवर हेलियम सापडला तो नंतर. 1895 मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांना क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून एक वायू मिळाला. त्याच्या वर्णपटातही एक पिवळी रेघ होती आणि ती सोडियमच्या रेघांशी जुळेना. त्यांनी नमुना वर्णपटांचे जाणकार विल्यम क्रुक्स यांच्याकडे धाडला. क्रुक्सनी मोजून कळवलं, की ही सूर्यावरचीच रेघ आहे.