कामगारांच्या पेन्शनची सुरुवात: बिस्मार्कचा दंड आणि दाम

कामगारांना सक्तीच्या विम्यातून पेन्शन देणारा पहिला देशव्यापी कायदा जर्मनीत १८८९ साली झाला. तो आणणारा चान्सलर (सरकारप्रमुख) ऑटो फॉन बिस्मार्क काही कामगारांचा कैवारी नव्हता. १८७८ मध्ये सम्राट पहिला विल्हेल्म याच्यावर लागोपाठ दोन हल्ले झाले. ते निमित्त साधून बिस्मार्कने समाजवाद्यांच्या सभा, संघटना, वर्तमानपत्रं बंद पाडली. दंडाने भागेना, तेव्हा दाम पुढे आला. १७ नोव्हेंबर १८८१ च्या सम्राटाच्या संदेशात आजारपण, अपघात आणि म्हातारपण यांसाठी तरतुदीचं आश्वासन होतं. आजारपणाचा विमा १८८३ ला आला, अपघाताचा १८८४ ला. पेन्शनचं घोडं मात्र आणखी पाच वर्षं अडलं.

वाद पैशाचा होता. पेन्शन सरकारकडून मिळाली की कामगार सरकारशी बांधला जाईल, हा बिस्मार्कचा हिशोब. म्हणून सरकारी वाटा त्याला भरघोस हवा होता. शेवटी हप्ता मालक आणि कामगार यांच्यात निम्मा-निम्मा ठरला आणि सरकारने प्रत्येक पेन्शनमागे वर्षाला ५० मार्क घालायचे ठरले. राइशटागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, विधेयक १८५ विरुद्ध १६५ मतांनी कसंबसं तरलं. विरोधात मत देणाऱ्यांत समाजवादीही होते.

१ जानेवारी १८९१ पासून अंमल सुरू झाला. प्रत्येक कामगाराचं एक कार्ड असे. मालक दर आठवड्याला त्यावर हप्त्याचं तिकीट चिकटवी आणि निम्मी रक्कम मजुरीतून कापून घेई. मजुरीनुसार चार दर होते: १४ पासून ३० फेनिगपर्यंत (१०० फेनिगचा एक मार्क). आपल्याकडे पीएफ कापला जातो ती पद्धत याच घराण्यातली. फक्त १९५२ च्या आपल्या कायद्यात आधी एकरकमी पुंजीच होती, आजची पेन्शन योजना १९९५ ला आली.

वयाची अट ६५ ची बिस्मार्कने घातली, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. अट ७० ची होती. ६५ झाली १९१६ मध्ये. सत्तरी गाठणारे कामगार थोडेच, त्यामुळे या कायद्याचा खरा आधार अपंगत्वाच्या पेन्शनचा होता. पाच वर्षं हप्ते भरलेला माणूस कामातून गेला, तर त्याला वयाची अट नव्हती.

विधवांना या कायद्यात काहीच नव्हतं. १९११ च्या कायद्याने त्यांना पेन्शन दिली, पण कामगाराची विधवा स्वतः कमवायला असमर्थ असेल तरच.