रेमी आणि नॉन-रेमी: दोन्ही खरेच केस, मग एक वर्षभर टिकतो आणि दुसऱ्याचा तिसऱ्या धुण्यात काथ्या का होतो?

माझ्या भाचीने साखरपुड्यासाठी वेव्ही एक्स्टेन्शन, म्हणजे आपल्या केसांना जोडायचे लाटदार केस, मागवले होते, बावीस इंची, पाकिटावर लिहिलेलं १००% ह्यूमन हेअर, आणि हातात घेतले तेव्हा मलाही आवडले खरं सांगते, इतके मऊ, इतकी चमक. पार्लर चालवून इतकी वर्षं झाली तरी मी पण पटकन हो म्हटलं. पहिल्या धुण्यानंतर ठीक होते, दुसऱ्यानंतर टोकं कोरडी झाली, आणि तिसऱ्यांदा धुऊन सुकवले तर मानेजवळ असा गुंता की कंगवा आत जाऊन परत येईना. भाची रडायला लागली, म्हणाली मावशी फसवलं गं, हे खोटे केस आहेत. मी एक केस जाळून बघितला. खऱ्या केसाचाच वास आला, राख चुरगळली, प्लास्टिकसारखा गोळा झाला नाही. म्हणजे केस खरे होते. फसवणूक झाली ती दुसऱ्याच जागी, आणि ती जागा कुठली हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते म्हणून आज नीट लिहून काढतेय.

रेमी आणि नॉन-रेमी हे दोन शब्द सगळीकडे दिसतात, आणि बऱ्याच जणींना वाटतं रेमी म्हणजे खरा आणि नॉन-रेमी म्हणजे नकली. तसं नाहीये. दोन्ही माणसाचेच केस. फरक आहे दिशेचा. रेमी म्हणजे गुच्छातल्या सगळ्या केसांची मुळं एका बाजूला आणि टोकं दुसऱ्या बाजूला, जसे डोक्यावर होते अगदी तसेच, आणि वरचं आवरण शाबूत. नॉन-रेमीत मुळं-टोकं मिसळलेली असतात, एक केस वर, शेजारचा खाली.

आता दिशेने एवढं काय बिघडतं? केसावर बाहेरून खवले असतात, माशाच्या अंगावर असतात ना तसे, एकावर एक चढलेले, आणि सगळ्यांची तोंडं मुळाकडून टोकाकडे. म्हणून केसावरून वरून खाली हात फिरवला की गुळगुळीत लागतो आणि खालून वर फिरवला की अडतो. सगळे केस एका दिशेने असतील तर एकमेकांवरून सरकतात. पण शेजारचा केस उलटा असला की याचे खवले त्याच्या खवल्यांत अडकतात, त्यात पाणी गेलं, घासलं गेलं, की अजून घट्ट. हाच तो मानेजवळचा गुंता. तुम्ही कितीही हळू विंचरा, तो होणारच, कारण तो विंचरण्याच्या चुकीने झालेलाच नसतो.

हे केस येतात कुठून ते कळलं की अर्धं कोडं तिथेच सुटतं. रेमीचा मोठा भाग येतो देवळांतून. आपल्याकडचे किती लोक तिरुपतीला जाऊन केस देऊन येतात आणि मग कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घेतात, आमच्याच घरात तीन जणांनी दिलेत. तिरुमलाला जिथे केस उतरवतात त्याला कल्याणकट्टा म्हणतात, आणि जमलेले केस देवस्थान लांबीप्रमाणे प्रती लावून लिलावाने विकतं. बाईचे लांब केस उतरवण्याआधी बांधून घेतले तर पूर्ण जुडी एका दिशेने हातात येते. नवसाचे केस परदेशात कुणाच्या डोक्यावर जातात हे देणाऱ्याला बहुतेक माहीत नसतं, आणि त्याचे पैसे त्याला मिळत नाहीत, तो देवाला देऊन मोकळा झालेला असतो. मला हे केस हातात घेताना दर वेळी आठवतं, म्हणून मी ते कधी कचऱ्यात टाकायला देत नाही.

आणि नॉन-रेमी? तो येतो गुंतवळातून. लहानपणी आई-आजी कंगव्यातले केस बोटाला गुंडाळून गोळा करून भिंतीच्या फटीत नाहीतर पिशवीत ठेवायच्या आठवतंय का, आणि मग गल्लीत आरोळी यायची केसांवर भांडी, केसांवर फुगे! तो गुंतवळ. असा हजारो घरांतला गुंतवळ एकत्र होतो, मग बायका बसून तो हाताने एकेक सोडवतात, आपल्या देशात पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबादकडे, कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरला हे काम चालतं, बांगलादेश आणि म्यानमारमध्येही चालतं. फार कष्टाचं आणि कमी मजुरीचं काम आहे ते. सोडवलेले केस खिळ्यांच्या पाटावर विंचरून लांबीप्रमाणे लावतात. पण कंगव्यात अडकलेल्या केसाचं मूळ कुठे आणि टोक कुठे हे आता कोण शोधणार, त्यामुळे दिशा गेली ती गेलीच. मग गुंता होऊ नये म्हणून कारखान्यात हे केस ॲसिडच्या पाण्यात घालतात, खवले काढून टाकतात, रंगवतात आणि वरून सिलिकॉनचा थर चढवतात. ती चमक, तो मऊपणा, भाचीच्या पाकिटातला, तो सिलिकॉनचा होता. शाम्पूने थर उतरत गेला आणि खालचा सोललेला, कोरडा केस उघडा पडला. सगळे खवले निघालेलेही नसतात, जे राहिले ते एकमेकांत अडकले.

वेव्हीमध्ये हे ओळखणं जास्त अवघड जातं, आणि माझ्या मते फसवणूक सगळ्यात जास्त इथेच होते. सरळ केसात थोडं काही चुकलं की लगेच डोळ्याला दिसतं. वेव्ही केस मुळातच फुगीर, थोडे मोकळे, एक केस इकडे एक तिकडे, त्यामुळे सुरुवातीचा गुंता पण वेव्हचाच भाग वाटतो. वर वेव्ह सुद्धा दोन प्रकारची. एक जन्मजात, आपल्या भारतीय केसांत हलकी लाट पुष्कळ जणींना असतेच. दुसरी वाफेची, केस रॉडवर गुंडाळून वाफ देऊन बसवलेली. वाफेची वेव्ह वाईट असं अजिबात नाही, चांगल्या रेमीवर दिलेली असली तर छान टिकते, पण गुच्छ हातात धरून बघा, सगळ्या लाटा एकसारख्या, मोजून मापून काढल्यासारख्या दिसल्या तर ती वाफेची. जन्मजात लाट शेजारशेजारच्या केसांत पण थोडी वेगळी असते, वर कमी, खाली जास्त. विकणारा नॅचरल वेव्ह म्हणत असेल आणि लाटा शिस्तीत उभ्या असतील तर त्याला विचारा, बिचकू नका.

आता दुकानात उभं राहून ओळखायचं कसं. एक परीक्षा मी सगळ्यांना शिकवते, तिला पैसे लागत नाहीत. आधी स्वतःचा गळलेला एक केस घ्या, ज्याच्या एका टोकाला पांढरा बारीक ठिपका दिसतो ते मूळ. तो केस अंगठा आणि पहिल्या बोटात आडवा नाही, बोटांच्या लांबीच्या दिशेने धरा आणि बोटं पुढे-मागे घासा. केस आपोआप एका बाजूला सरकायला लागेल, आणि सरकेल तो मुळाच्या बाजूला. खवल्यांमुळे होतं हे, उलट्या दिशेला ते अडतात, सुलट्या दिशेला सोडतात. हे घरी एकदा करून बघा म्हणजे हाताला कळेल. मग एक्स्टेन्शनच्या पट्टीतून, म्हणजे वरचे केस जिला शिवलेले असतात तिच्यातून, पाच-सहा केस वेगवेगळ्या जागचे घ्या, पट्टीकडची बाजू कुठली ते लक्षात ठेवा आणि एकेक घासा. सगळे पट्टीच्या बाजूलाच सरकले तर रेमी. काही वर, काही खाली गेले तर मिसळ. आणि कुठलाच केस जागचा हललाच नाही, नुसता गुळगुळीत फिरत राहिला, तर समजायचं खवलेच काढलेत. म्हणूनच जो गुच्छ दोन्ही बाजूंनी हात फिरवला तरी रेशमासारखा लागतो त्याच्यापासून सावध राहायचं, चांगला केस उलट हाताने थोडा अडायलाच पाहिजे.

ऑनलाइन घेणार असाल तर हे करता येत नाही, म्हणून आधी सॅम्पलची एक बट मागवा. घरी आली की साध्या, जरा कडक शाम्पूने तीन-चार वेळा धुवा आणि वाऱ्यावर सुकू द्या. सिलिकॉन गेल्यावर काय उरतं ते बघायचं. ओल्या पांढऱ्या टिश्यूवर घासून रंग उतरतोय का ते पण बघा. जो सॅम्पल द्यायला तयार नाही त्याच्याकडून मी घेत नाही, इतकं सोपं ठेवलंय मी.

लांबी आणि वजनाचं पण एक सांगते, कारण इथे पण वाद होतात. इंच मोजतात ते केस ताणून सरळ करून, म्हणजे वीस इंची वेव्ही डोक्यावर अठराच्या आसपास दिसणार, ती फसवणूक नव्हे. एका डोक्याच्या क्लिप सेटला, म्हणजे क्लिपने केसांत अडकवायच्या पट्ट्यांना, साधारण १०० ते १२० ग्रॅम लागतात, कंबरेपर्यंत हवे असतील तर जास्त, नाहीतर खाली शेपटीसारखे विरळ दिसतात. डबल ड्रॉन म्हणजे आखूड केस काढून टाकलेले, खालपर्यंत दाट, म्हणून महाग. वेव्हीला लाटेमुळे आपोआप भरीवपणा येतो त्यामुळे सिंगल ड्रॉन पण चालून जातो, उगाच पैसे घालू नका.

मग नॉन-रेमी घ्यायचाच नाही का? असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या एका दिवसासाठी खोपा भरायचा आहे, आंबाड्याच्या आत घालायचा आहे, वरून गजरा येणार आहे, तिथे आपल्या आजीचं गंगावन जे काम करायचं तेच काम आहे, स्वस्तातला घ्या, सांगून घ्या. धुऊ नका, मोकळा सोडू नका, काम झालं की हलक्या हाताने काढून ठेवा. वाईट तेव्हा वाटतं जेव्हा तोच केस रेमीच्या भावात, रोज वापरायला म्हणून विकला जातो.

काळजी पण दोघांची वेगळी, आणि लोक एकच नियम दोघांना लावतात. रेमी केसाला खवले आहेत, ते जपायचे. पण डोक्याचं तेल त्याच्यापर्यंत पोचत नाही, तो मुळापासून तुटलेला केस आहे, त्यामुळे ओलावा आपण द्यायचा. धुण्याआधी मोठ्या दाताच्या कंगव्याने आधी टोकं, मग थोडं वर, असं विंचरायचं, दुसऱ्या हाताने पट्टी घट्ट धरून. कोमट पाणी, सल्फेट नसलेला शाम्पू पाण्यात पातळ करून, वरून खाली एकाच दिशेने, डोक्यावर चोळतो तसं चोळायचं नाही. कंडिशनर मध्यापासून टोकापर्यंत, पट्टीला किंवा (गोंदाच्या टेपने आपल्या केसांना चिकटवलेले असतील तर) टेपला नाही. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबायचं. अर्धवट ओले असताना बोटांनी लाटा जुळवून घ्यायच्या आणि सपाट ठेवून सुकवायचे. सुकल्यावर वेव्ही केसांवर ब्रश फिरवू नका, लाट फुटते आणि नुसता फुगवटा राहतो, ही चूक मी रोज बघते. क्लिपवाले असतील तर पंधरा-वीस वेळा वापरल्यावर धुतले तरी पुरतं. बोअरचं पाणी असेल, आमच्याकडे सांगलीत किती घरी आहे, तर शेवटची एक तांब्याभर धार तरी फिल्टरच्या पाण्याची घ्या, क्षार बसले की केस राठ होतो.

नॉन-रेमीला जपायला खवले फारसे उरलेलेच नसतात, तिथे वरचा थर हेच सगळं भांडवल. म्हणून जितकं कमी धुवाल तितकं बरं, आणि प्रत्येक धुण्यानंतर सिलिकॉनचं सीरम लावून तो थर पुन्हा उभा करायचा. त्याला मेंदी, डीप कंडिशनिंग, अंड्याचा मास्क असले प्रयोग करून खवले परत येणार नाहीत. गरम मशीन तर लांबच ठेवा. रेमीलाही १८० डिग्रीच्या वर नको, आणि वाफेची वेव्ह असेल तर दर स्ट्रेटनिंगला लाट सैल पडत जाते. रंग गडद करता येतो थोडाफार, पण आधीच रंगवलेला केस फिका करायला जाऊ नका, कुठलाच.

तेलाचं विचारतात सगळ्या. टेपवाले लावले असतील तर डोक्याला खोबरेल लावलं की गोंद सुटतो, त्यामुळे शनिवारची चंपी बंद, टोकांना दोन थेंब चालतील. टेप सहा ते आठ आठवड्यांनी काढून वर सरकवून घ्यायचे, कारण खालचे आपले केस वाढतात आणि वजन लोंबकळायला लागतं. लावल्यावर डोकं दुखत असेल, कातडी ओढल्यासारखी वाटत असेल तर सवय होईल म्हणून सहन करू नका, त्याच दिवशी काढा, सतत ओढ बसली तर कानशिलाचे केस कायमचे जाऊ शकतात. बाळंतपणानंतरचं गळणं चालू असतानाही मी लावून देत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी, आधी केस सावरू देत.

झोपताना क्लिप काढून ठेवा. टेपवाले काढता येत नाहीत, त्यांची सैल वेणी घाला आणि ओल्या केसांनी कधीच झोपू नका. उशीला जुन्या रेशमी साडीच्या तुकड्याचा अभ्रा शिवून घ्या, सुती कापडावर केस घासले जातात. पावसाळ्यात पूर्ण सुकल्याशिवाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेत तर कुबट वास धरतात, मलमलच्या पिशवीत टांगून ठेवा. भाचीला आता सोळा इंची घेऊन दिलेत, जन्मजात लाटेचे, घासून बघून, आणि तिचे ते जुने बावीस इंची माझ्या पार्लरमध्येच आहेत, खोप्याच्या आत घालायला अजून चालतात.