शिळाछाप चित्र म्हणजे काय, ते कसं निघतं

आमच्या सांगलीच्या छापखान्यात येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "ही झेरॉक्सच ना?" नाही. इथे मूळ चित्र कागदावर नसतंच. चित्रकार ते थेट दगडावर काढतो, तेही उलटं, आणि त्या दगडावरून हाताने निघालेली प्रत्येक प्रत मूळ चित्रच असते.

दगड जर्मनीतल्या बव्हेरियाचा, झोल्नहोफेनचा चुनखडी. ही पद्धतही त्याच मुलखात, म्युनिकला, १७९६–९८ च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डर यांनी शोधली. "आपला काळा पाषाण का नाही चालत?" हेही हमखास विचारलं जातं. तेलकटपणा आणि पाणी दोन्ही सारख्याच सहजतेने धरून ठेवणं चुनखडीला जमतं, काळ्या दगडाला नाही. ४० बाय ५० सेंटिमीटरचा, ७ सेंटिमीटर जाडीचा दगड ३६ किलोच्या आसपास भरतो. तेव्हा उचलून दाखवा म्हणू नका. हातही लावू नका. बोटाचा तेलकट ठसासुद्धा छापून येतो.

दगड आधी कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून घासतात. मग मेण, चरबी, साबण आणि काजळीच्या खडूने चित्र काढलं जातं. त्यावर डिंकाचं पाणी, त्यात नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब. यामुळे रेघा दगडात पक्क्या होतात आणि कोरी जागा पाणी धरायला लागते. पुढे टर्पेंटाइनने खडू पुसून टाकतात. चित्र दिसेनासं होतं, आणि बघायला आलेला माणूस इथेच घाबरतो. पण ओला स्पंज फिरवून शाईचा रूळ फिरवला की एकेक रेघ परत उमटू लागते. तुपाच्या ताटावर पाणी ठरत नाही, तशी ओल्या जागेवर शाई ठरत नाही. ती फक्त रेघेवर बसते. मग कागद ठेवून दाबयंत्राखालून काढायचा. दर प्रतीला पुन्हा पाणी, पुन्हा शाई.

रंग वाढला की बहुधा दगडही वाढतो. आजोबांच्या देवघरातली रविवर्मा प्रेसची चित्रं अशीच एकावर एक रंग चढवून निघाली. तो प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. मिरजेला १८०५ मध्ये छापलेली गीता मात्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली होती. ती पद्धत वेगळी.

आता दराबद्दल. मेहनत पहिल्या प्रतीपर्यंतच जास्त, त्यामुळे पाच प्रतींचा खर्च वीस प्रतींच्या पावपट येत नाही. प्रतीखाली पेन्सिलीने ३/२० असं लिहिलेलं असतं: विसांपैकी तिसरी. दोन प्रतींत शाई किंचित कमीजास्त दिसली तर तो दोष धरू नये. डाग किंवा सुरकुती असेल तर जरूर बदलून देऊ. ठरलेल्या प्रती निघाल्या की दगड घासून साफ होतो. मग "आणखी दोन काढा ना, भाचीच्या लग्नात द्यायच्यात" म्हटलंत तरी इलाज नाही, म्हणून आकडा आधीच घरात बोलून ठरवा.