मिनीसिरीज आणि ग्राफिक नॉव्हेल: जाडीवरून ओळखू नका

चित्रांतून गोष्ट सांगणाऱ्या कॉमिकमध्ये मिनीसिरीज (ठरावीक अंकांची मालिका) आणि ग्राफिक नॉव्हेल (एकसंध चित्रकादंबरी) असे दोन प्रकार असतात. मिनीसिरीजचे अंक पुढे एकत्र बांधले गेले की दुकानाच्या फळीवर दोन्ही सारखीच दिसतात. दोनेकशे पानं, चकचकीत मुखपृष्ठ आणि कुठेतरी ‘ग्राफिक नॉव्हेल’ असं छापलेलं. पण त्यातलं एक थेट पुस्तक म्हणून निघालेलं असतं, तर दुसरं आधी पिना मारलेल्या सुट्या अंकांतून वाचकांपर्यंत पोचून मग बांधलं गेलेलं असतं. ‘वॉचमेन’ या गाजलेल्या कॉमिकला आज सगळे ग्राफिक नॉव्हेल म्हणतात, पण १९८६-८७ मध्ये ती बारा अंकांची मालिका होती.

मिनीसिरीजची लांबी सुरुवातीलाच ठरलेली असते. चार, सहा, फार तर बारा अंक, आणि प्रत्येकात वीस-बावीस पानं. त्यामुळे लेखकाला दर वीस पानांनी थांबावं लागतं, आणि असं थांबावं लागतं की वाचक परत आला पाहिजे.

डेव्हिड पीटरसनच्या ‘माऊस गार्ड’चंच बघा. आर्काया या छोट्या प्रकाशकाने २००६ मध्ये तिची ‘फॉल ११५२’ ही सहा अंकांची मालिका सुरू केली. अंक नेहमीसारखे उभट नव्हते, चौकोनी होते. पहिल्या अंकात राखणदार उंदीर एका बेपत्ता धान्य-व्यापाऱ्याच्या शोधात निघतात, वाटेत सापाशी झुंजतात, आणि अखेर त्या व्यापाऱ्याच्या सामानात त्यांना आपल्याच गडाचा नकाशा सापडतो. म्हणजे गडी फितूर! आणि इथेच अंक संपतो. पुढचा येईपर्यंत वाचक तीच पानं पुन्हा चाळतो, फितुरीत आणखी कोण असेल याचे तर्क लढवतो, चित्रांच्या कोपऱ्यात खुणा शोधतो. बांधीव पुस्तकात ही सगळी मजा एक पान उलटण्यात उरकते. कथा तीच, चित्रंही तीच. पण वाट बघणं हा वाचनाचा भाग होता आणि तो गळून पडतो. पुढच्या ‘विंटर ११५२’चे सहा अंक तर २००७ ते २००९ असे रेंगाळत आले. आज ते पुस्तक एका बैठकीत संपवणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

ग्राफिक नॉव्हेलला हा थांबा नसतो. क्रेग थॉम्पसनचं ‘ब्लँकेट्स’ (२००३) जवळजवळ सहाशे पानांचं, तेही स्वतंत्र प्रकाशकाचंच, पण थेट पुस्तकरूपात आलेलं. बर्फाची शांत पानं त्यात हवी तितकी पसरतात, कारण कोणाला पुढच्या महिन्यात परत बोलवायचं नसतं. आपल्याकडचं ओरिजित सेन यांचं नर्मदेवरचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ (१९९४) जेमतेम साठेक पानांचं, पण तेही एकसंध पुस्तकच.

खरा फरक मात्र पैशाचा आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. अमेरिकेत कॉमिकची दुकानं अंकांची मागणी कित्येक आठवडे आधी नोंदवतात, आणि न खपलेला माल सहसा परत करता येत नाही. मग दुकानदार हात आखडता घेतो. पहिल्या अंकानंतर मागणी बहुतेक वेळा घसरतेच. मोठा प्रकाशक ते सोसतो; स्वतंत्र चित्रकार पुष्कळदा आधीच्या अंकाच्या कमाईवर पुढचा काढत असतो. ‘सगळे अंक आले की एकदम पुस्तक घेऊ’ हे शहाणपण सगळ्यांनीच दाखवलं, तर पुस्तक निघायचंच नाही. म्हणून छोट्या प्रकाशकाची मालिका आवडली तर मी सुटे अंकच घेतो. महाग पडतं, हे खरं.

यात धोका वाचकाचाही आहे. लेखक अॅलन मूर आणि चित्रकार बिल सिन्कीविच यांची ‘बिग नंबर्स’ बारा अंकांची ठरली होती. १९९० मध्ये दोन आले, सिन्कीविच बाहेर पडले आणि मालिका तिथेच थांबली. अर्धवट ग्राफिक नॉव्हेल सहसा कोणी विकत नाही. अर्धवट मिनीसिरीज मात्र लोकांच्या कपाटांत खुशाल पडून असतात.

हातातलं पुस्तक नेमकं कोणतं हे बघायचं तर आतलं हक्कांविषयीचं पान वाचा. अमुक ते अमुक अंकांत आधी प्रसिद्ध झालं होतं, अशी बारीक अक्षरांतली ओळ बहुतेक वेळा तिथे सापडते.