जुनी सायकल देताय? आधी हवा भरा

"काका, दुकान बंद करताय म्हणे?" दिवसातून दहादा हेच ऐकतो, म्हणून हा कागद छापला. दुकान बंद होत नाहीये. फक्त नव्या सायकलींची विक्री ३१ मार्चपासून थांबेल. गाळा तोच, पाने तेच, मीही तोच. पुढे मुख्य काम हे: तुमच्या जुन्या सायकली घ्यायच्या, धडधाकट करायच्या आणि दौंड-श्रीगोंद्याकडच्या शाळकरी पोरांना द्यायच्या. आठवीपर्यंतची शाळा घरापासून ३ किलोमीटरच्या आत हवी, असा नियम आहे. नववीला तो नियम सुटतो आणि पायपीट सुरू होते. मुलीची तर कधी कधी शाळाच सुटते.

पुण्यात जिन्याखाली धूळ खाणाऱ्या सायकलींना तोटा नाही, आणि तुम्ही त्या आपणहून आणून देताय. पण दहातले आठ जण एक चूक करतात. बसलेल्या चाकावर सायकल ढकलत आणतात.

यात काय होतं ते सांगतो. हवा नसली की टायर रिमवर सरकत राहतो आणि ट्यूबला सोबत ओढतो. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. तो तिरका होतो आणि ट्यूब त्याच्या मुळाशी फाटते. पंक्चर आम्ही काढू, पण व्हॉल्व्हच्या मुळाशी ठिगळ धरत नाही. शिवाय रिमच्या कडेने टायर कापला जातो तो वेगळाच. मागच्या महिन्यात एक आजोबा कोथरूडहून पेठेपर्यंत सायकल चालवत नाही, चालत घेऊन आले. मडगार्ड पुसून चकचकीत केलेलं, घंटीला तेल घातलेलं, आणि दोन्ही ट्यूब गेलेल्या. त्यांना सांगायला माझी जीभ उचलेना.

तेव्हा आधी हवा भरून बघा. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या साध्या सायकलीत बऱ्याचदा पंक्चर नसतंच, व्हॉल्व्हवरची रबरी वॉलट्यूब वाळून तडकलेली असते. काही रुपयांचं काम आहे, दुकानातून फुकट घेऊन जा. तरीही हवा टिकली नाही तर ढकलू नका, फोन करा. रविवारी आमचा टेम्पो फिरतो.

सायकलीसोबत दुरुस्तीसाठी ५०० रुपये मागतो, तेव्हा "सायकल फुकट देतोय, वर ५०० रुपये कशाला?" असंही विचारतात. अहो, दोन टायर, दोन ट्यूब, ब्रेकचे रबर, छर्रे आणि ग्रीस यांतच त्याहून जास्त जातात. माझी मजुरी त्यात धरलेली नाही. त्या भागात वेड्या बाभळीचे काटे रस्ताभर पडलेले असतात, म्हणून प्रत्येक सायकलीसोबत पंप, सोल्यूशन आणि ठिगळं देतो, आणि पोराकडून एक पंक्चर समोर काढून घेतो. जमलं तरच सायकल हातात. कुणाला हे कडक वाटतं. पण पहिल्या पंक्चरला गोठ्यात जाऊन पडलेल्या सायकली मी पाहिल्यात.

नाव, पत्ता आणि सही मागितली तर रागावू नका. फ्रेमवर, पायडलचा दांडा जातो त्या नळीच्या खाली किंवा सीटच्या नळीवर, ठोकलेला सायकलीचा नंबर आम्ही वहीत उतरवतो. उद्या कुणी "ही माझी चोरीला गेलेली सायकल" म्हणत त्या पोराच्या दारात उभं राहायला नको.

गिअरची सायकलही घेतो, पण ती गावाकडे जात नाही. तार ताणून गिअर बसवून देणारा तिथे कोण मिळणार? ती इथेच दुरुस्त करून विकतो, त्या पैशांतून साध्या सायकलींचे टायर येतात. कॉलेजला जाणारं कुणी घरात असेल तर येऊन बघा, स्वस्तात चांगला माल आहे. नव्यांपैकीही २२ आणि २४ इंची काही शिल्लक आहेत, खरेदीच्या भावात देतोय. तुमच्या वापरातल्या सायकलीचं ओव्हरहॉलिंग शनिवारी आणि रविवारी पूर्वीसारखंच चालू राहील. दर थोडा वाढलाय, मजुरी मात्र आता पोरांच्या सायकलींच्या कामात जाते.

आणि कुलूप असेल तर किल्ली आठवणीने द्या. आज दुकानात सात सायकली कुलपासकट उभ्या आहेत.