रक्तस्रावाच्या विकारासह शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी स्मृतिशिष्यवृत्ती : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) किंवा रक्तस्रावाचा अन्य विकार असलेल्या मुलाच्या घरी शिक्षणाचा खर्च फी आणि पुस्तकांपुरता मर्यादित राहत नाही. गुडघ्यात किंवा घोट्यात रक्तस्राव झाला की आठवडाभर वर्ग बुडतो, बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी शिकवणी लावावी लागते, सांधा दुखत असताना गर्दीच्या लोकलने जाणे शक्य नसल्याने रिक्षा किंवा टॅक्सीचा खर्च पडतो, आणि फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकाचे इंजेक्शन, घेण्यासाठी रुग्णालयात जायचे तर आईवडिलांपैकी एकाचा त्या दिवसाचा रोज जातो. या वाढीव खर्चाला हातभार लावण्यासाठी रुग्णांच्या संघटना, विश्वस्त संस्था आणि काही कुटुंबे दिवंगत व्यक्तीच्या नावाने शिष्यवृत्ती देतात. अशा शिष्यवृत्तीसाठी अर्ज कसा करावा आणि त्याच कागदपत्रांच्या आधारे सरकारी शिष्यवृत्ती कशी मागता येते, याची माहिती येथे मुंबईत राहणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

स्मृतिशिष्यवृत्ती कोण देते, हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण नियम देणाऱ्यागणिक बदलतात. परदेशातील, विशेषतः अमेरिकेतील, अनेक स्मृतिशिष्यवृत्त्यांची नावे इंटरनेटवर शोध घेताच समोर येतात. 1980 च्या दशकात रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून तयार केलेल्या फॅक्टरमधून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांचा संसर्ग झाला आणि हिमोफिलियाचे हजारो रुग्ण दगावले. आपल्या माणसांची आठवण जपण्याची गरज त्या समाजाला इतकी तीव्रतेने का वाटली, हे त्यावरून कळते. तेथील एरिक डॉस्टी स्मृतिशिष्यवृत्तीसारख्या काही योजना रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबीयांनाही पात्र धरतात. परंतु या शिष्यवृत्त्या सामान्यतः तेथील रहिवाशांसाठी आणि तेथील महाविद्यालयांत शिकणाऱ्यांसाठी असतात, त्यामुळे मुंबईत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांच्या अर्जांमागे आपला वेळ घालवू नये.

मुंबईतही एक नाव वारंवार पुढे येते आणि त्याबाबत गैरसमज होतो. लेडी मेहेरबाई टाटा यांचे 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले आणि सर दोराबजी टाटा यांनी त्यांच्या स्मरणार्थ 1932 मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टची स्थापना केली. हा निधी प्रामुख्याने रक्ताच्या कर्करोगावरील आणि अन्य आजारांवरील संशोधनासाठी आहे; रुग्ण असलेल्या शालेय किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या फीसाठी तो नाही. आपल्या विद्यार्थ्याने प्रथम चौकशी करायची ती हिमोफिलिया फेडरेशन (इंडिया) या 1983 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेकडे आणि तिच्याशी संलग्न असलेल्या मुंबईच्या शाखेकडे. शाखेत रुग्ण म्हणून नोंदणी झालेली नसेल, तर ती अर्जाच्या हंगामाची वाट न पाहता आजच करावी, कारण संघटनेमार्फत मिळणाऱ्या मदतीसाठी नोंदणी क्रमांक मागितला जातो आणि नव्या योजनेची वार्ताही नोंदणीकृत कुटुंबांपर्यंत आधी पोहोचते.

तीन वेगवेगळ्या टक्केवाऱ्या

अर्ज नाकारले जाण्याचे जे कारण मला सर्वाधिक टाळता येण्याजोगे वाटते, ते म्हणजे टक्केवारीचा गोंधळ. या विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांत तीन टक्केवाऱ्या असतात आणि त्यांचा एकमेकींशी थेट संबंध नसतो.

पहिली टक्केवारी फॅक्टरच्या पातळीची. हिमोफिलिया ए मध्ये रक्त गोठवणारा आठवा घटक आणि हिमोफिलिया बी मध्ये नववा घटक कमी असतो. ही पातळी 1 टक्क्यापेक्षा कमी असल्यास विकार तीव्र, 1 ते 5 टक्के असल्यास मध्यम आणि 5 टक्क्यांपेक्षा अधिक परंतु 40 टक्क्यांपेक्षा कमी असल्यास सौम्य मानला जातो. म्हणजे येथे आकडा जितका लहान तितका आजार मोठा. दुसरी टक्केवारी दिव्यांगत्वाची. ती प्रयोगशाळा नव्हे, तर अधिकृत वैद्यकीय मंडळ तपासणी करून ठरवते, आणि तिथे आकडा जितका मोठा तितके दिव्यांगत्व अधिक. तिसरी अर्थातच परीक्षेतील गुणांची. अर्जातील ‘टक्केवारी’ या रकान्यात 1 टक्का फॅक्टर असलेल्या मुलाने 1 असे लिहिले, तर छाननी करणारी व्यक्ती त्याला 1 टक्का दिव्यांग समजेल आणि अर्ज बाजूला ठेवेल. म्हणून रकाना नेमके काय विचारतो ते पाहावे आणि शंका असल्यास आकड्यापुढे शब्दांत स्पष्ट करावे, जसे की ‘आठव्या घटकाची पातळी 1 टक्क्यापेक्षा कमी, तीव्र हिमोफिलिया ए’.

पात्रता

संघटनांच्या आणि खासगी विश्वस्त संस्थांच्या स्मृतिशिष्यवृत्तीसाठी सहसा पाच गोष्टी पाहिल्या जातात : निदान, रहिवास, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातील प्रवेश, मागील परीक्षेतील गुण आणि कुटुंबाचे उत्पन्न. यांपैकी निदानाच्या अटीकडे सर्वांत बारकाईने पाहणे आवश्यक आहे. जाहिरातीत ‘हिमोफिलिया’ असा शब्द असेल, तर व्हॉन विलेब्रँड आजार, सातव्या किंवा तेराव्या घटकाची कमतरता अथवा ग्लान्झमन थ्रोम्बास्थेनिया असलेल्या विद्यार्थ्याने आपण पात्र आहोत का, हे लेखी विचारून घ्यावे. ‘रक्तस्रावाचे विकार’ असा शब्दप्रयोग असेल, तर तो बहुधा या सर्वांना सामावून घेतो. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. व्हॉन विलेब्रँड आजार मुलामुलींना सारखाच होतो, आणि हिमोफिलियाच्या वाहक असलेल्या काही मुलींच्या रक्तातही फॅक्टरची पातळी इतकी कमी असते की मासिक पाळीत होणाऱ्या अतिरक्तस्रावामुळे त्यांची हजेरी घटते. तरीही ‘हा मुलांचा आजार’ या समजुतीमुळे मुलींच्या नावाचे अर्जच भरले जात नाहीत. मुलीच्या फॅक्टरची तपासणी झालेली नसेल, तर तिच्या आईवडिलांनी ती करून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सरकारी शिष्यवृत्तीची पात्रता निराळ्या पायावर उभी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार नमूद आहेत आणि त्यांतील रक्तविकारांच्या गटात हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल आजार यांचा उल्लेख आहे. व्हॉन विलेब्रँड आजाराचे नाव त्या गटात नाही. मात्र वारंवारच्या रक्तस्रावाने सांधा कायमचा आखडला असेल, तर अस्थिव्यंगाच्या प्रकारात स्वतंत्र तपासणी मागता येते. केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्यांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते. नववी-दहावीसाठी मॅट्रिकपूर्व आणि अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, व त्यांसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 2.5 लाख रुपये आहे. अभियांत्रिकीसारख्या तंत्रशिक्षणाच्या पदवी किंवा पदविकेला प्रवेश घेतलेल्यांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘सक्षम’ ही शिष्यवृत्ती वर्षाला 50,000 रुपयांची असून तिची उत्पन्नमर्यादा 8 लाख रुपये आहे, त्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबांनीही ती विचारात घ्यावी. या योजनांचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरले जातात, तर राज्य सरकारची दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवर असते.

निदानाचे कागदपत्र

सर्व अर्जांचा कणा म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र. फाटलेला जुना केसपेपर किंवा औषधांची चिठ्ठी यांना प्रमाणपत्र म्हणता येत नाही. फॅक्टर तपासणीचा मूळ अहवाल, ज्यावर घटकाचे नाव, पातळी आणि तपासणीची तारीख स्पष्ट आहे, तो आणि उपचार करणाऱ्या रक्तविकारतज्ज्ञांचे रुग्णालयाच्या लेटरहेडवरील पत्र, या दोन्ही गोष्टी जोडाव्यात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातच राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्था आहे आणि रक्तस्रावाच्या विकारांच्या निदानाचे काम तेथे अनेक दशकांपासून चालते. शहरातील कित्येक कुटुंबांकडचा पहिला अहवाल तेथीलच असतो. अहवाल बाळपणी काढलेला असेल, तर त्यावर मुलाच्या नावाऐवजी ‘बेबी ऑफ’ आणि आईचे नाव असण्याची शक्यता असते. अशा वेळी डॉक्टरांच्या नव्या पत्रात ‘सदर अहवाल याच रुग्णाचा आहे’ असे एक वाक्य लिहून घ्यावे. हे एक वाक्य नंतरचे अनेक हेलपाटे वाचवते.

डॉक्टरांच्या पत्रात विकाराचा प्रकार, तीव्रता, इनहिबिटर (फॅक्टर निष्प्रभ करणारी, शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे) आहेत किंवा नाहीत, आठवड्यातून किंवा महिन्यातून किती वेळा फॅक्टर घ्यावे लागते आणि कोणते सांधे बाधित आहेत, एवढा तपशील असावा. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांकडे पत्र लिहिण्यासाठी वेळ नसतो, याची जाणीव ठेवून मजकुराचा कच्चा मसुदा सोबत न्यावा आणि नेहमीच्या तपासणीच्या दिवशी, म्हणजे प्रवेशाच्या धावपळीआधीच, पत्र मागावे.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि वैश्विक ओळखपत्रासाठी, ज्याला सर्वजण यूडीआयडी कार्ड म्हणतात, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून रुग्णालय निवडावे लागते आणि त्यानंतर तपासणीसाठी प्रत्यक्ष हजर राहावे लागते. निवडलेल्या रुग्णालयाच्या मंडळात रक्तविकारांची तपासणी होते का आणि ती कोणत्या वारी होते, याची आधी चौकशी करावी. सांध्यात ताजा रक्तस्राव झालेला असताना मुलाला तासन्‌तास रांगेत उभे करू नये. तारीख बदलून घेतल्याने नुकसान होत नाही, पण सुजलेल्या गुडघ्यावर उभे राहिल्याने होते.

अन्य कागदपत्रे

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांच्या सहीचा असावा. पगाराची पावती त्याची जागा घेत नाही. तो ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मागता येतो. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत, आणि आपला पत्ता ज्या तालुक्यात येतो तोच निवडावा लागतो, अन्यथा अर्ज परत येतो. दाखल्याला साधारण 15 दिवस धरून चालावे. याशिवाय अधिवास प्रमाणपत्र, मागील वर्षाची गुणपत्रिका, चालू वर्षाचे बोनाफाईड प्रमाणपत्र, फीची पावती, आधार कार्ड, छायाचित्र आणि बँक पासबुकाचे पहिले पान लागते. सर्व कागदांवरील नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे ना, हे एका बैठकीत सगळे कागद समोर मांडून तपासावे. सरकारी रक्कम थेट लाभ हस्तांतरणाने जमा होते, त्यामुळे खात्याला आधार क्रमांक नुसता जोडलेला असून भागत नाही, तर ते खाते त्या हस्तांतरणासाठी सक्रिय आहे का, याची बँकेत खात्री करून घ्यावी.

निवेदन आणि छाननी

स्मृतिशिष्यवृत्तीच्या अर्जात बहुतेक वेळा एक लहान निवेदन मागितले जाते, आणि विश्वस्त ते खरोखर वाचतात. ज्या व्यक्तीच्या स्मरणार्थ ही रक्कम दिली जात आहे, तिच्याविषयी जी माहिती संस्थेने दिली असेल ती आधी वाचावी. कित्येकदा ती व्यक्ती त्याच आजारासह जगलेली असते, आणि तिचे आईवडील किंवा भावंडेच समोर बसून अर्ज वाचत असतात. त्यांना आजाराचे वर्णन करून सांगण्याची गरज नसते. गेल्या वर्षी किती दिवस वर्ग बुडाले, तो अभ्यास कसा भरून काढला, हाच अभ्यासक्रम का निवडला आणि मिळणारी रक्कम नेमकी कशावर खर्च होणार आहे, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे. गुण कमी असतील आणि त्या परीक्षेच्या काळात रक्तस्राव झाला असेल, तर तारखेसह तसे नमूद करून रुग्णालयाची नोंद जोडावी. हे कारण सांगण्यात कमीपणा काहीही नाही.

काही विद्यार्थी आपला आजार महाविद्यालयाला कळू नये म्हणून अर्ज करत नाहीत. त्यांनी हा फरक लक्षात घ्यावा : राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरील अर्ज महाविद्यालयाच्या नोडल अधिकाऱ्याकडून पडताळला जातो, त्यामुळे तेथे ही माहिती उघड होते, विश्वस्त संस्थेच्या अर्जात मात्र महाविद्यालयाकडून केवळ बोनाफाईड लागते आणि वैद्यकीय कागद थेट संस्थेकडे देता येतात.

सरकारच्या एका शिष्यवृत्तीचा लाभ घेत असताना दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही. खासगी स्मृतिशिष्यवृत्तीबरोबर ती चालते की नाही, हे त्या संस्थेच्या नियमावलीवर अवलंबून असल्याने आधीपासून मिळणाऱ्या मदतीची माहिती अर्जात खरेपणाने द्यावी. हिमोफिलिया असलेली दोन भावंडे एकाच घरात असणे स्वाभाविक आहे; अशा घरांनी दोघांचे अर्ज स्वतंत्र भरावेत आणि एका कुटुंबातून एकच लाभार्थी घेण्याची अट असल्यास ज्याचा अभ्यासक्रम अधिक खर्चिक आहे त्याचे नाव पुढे करावे.

अर्ज दिल्यावर पोचपावती किंवा अर्ज क्रमांकाची छापील प्रत जपून ठेवावी. बऱ्याच शिष्यवृत्त्यांचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी नवी गुणपत्रिका, नवे बोनाफाईड व नवा उत्पन्नाचा दाखला लागतो. निदानाचा अहवाल मात्र तोच चालतो, म्हणून त्याची मूळ प्रत कोणत्याही कार्यालयात जमा करू नये, केवळ साक्षांकित प्रत द्यावी.